एका तारेचे अनेक वाटे

घरात एक दिवा जळत असता शेजारच्या खोलीत दुसरा लावला, तर पहिल्याचा प्रकाश मंदावत नाही. दोनाचे चार झाले, त्यात पंख्याची भर पडली, तरी पहिला दिवा जसाच्या तसा तेवत राहतो. या रोजच्या अनुभवामुळे आपल्या मनात अशी समजूत पक्की बसली आहे की, तार एकदा घरात आली म्हणजे तिला हव्या तितक्या शाखा फोडाव्यात आणि प्रत्येक शाखेत मूळचेच सामर्थ्य मिळावे. दिव्यांच्या बाबतीत ही समजूत व्यवहारापुरती खरी ठरते. परंतु दूरचित्रवाणीच्या केबलला तोच नियम लावू गेलो की तक्रार सुरू होते: पुढच्या खोलीत सारे स्वच्छ दिसते, मागच्या खोलीत मात्र चित्राचे चौकोनी तुकडे होतात आणि आवाज अडखळतो.

श्रोतेहो, या तक्रारीचे मूळ कोठे असते, ते घरच्या घरी कसे शोधावे, आणि कोणता खर्च करावा व कोणता टाळावा, एवढ्याच गोष्टींचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे. विषय वरवर क्षुल्लक वाटेल. पण महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदत असलेल्या आपल्या कुटुंबांच्या दृष्टीने पाहिले, तर तो तितकासा क्षुल्लक नाही. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर किंवा हैदराबाद येथील एखादे जुने मराठी घर घ्या. बाजार दुसऱ्या भाषेत, शेजार दुसऱ्या भाषेत, नातवंडांची शाळा तिसऱ्याच भाषेत. अशा घरातील मागच्या खोलीत बसणाऱ्या वृद्ध मंडळींना दिवसभरात घराबाहेरच्या जगातले चार मराठी शब्द कानी पडण्याचे साधन म्हणजे पुष्कळदा एखादी मराठी वाहिनीच असते. इतर सगळ्या वाहिन्या दिसाव्यात आणि नेमकी तीच बंद पडावी, असेही घडू शकते. मग कोणी केबलवाल्याला दोष देतो, कोणी म्हणतो की आपल्या भाषेची येथे कोणाला पर्वा! वस्तुतः या वेळी दोष भाषेच्या वाट्याचा नसून शक्तीच्या वाटणीचा असतो.

प्रथम दिवा आणि केबल यांतील भेद समजून घेऊ. विजेच्या पुरवठ्यामागे वीजकेंद्राचे प्रचंड भांडार उभे असते. दुसरा दिवा लावला की तो आपल्याला लागेल तितकी शक्ती त्या भांडारातून नव्याने ओढून घेतो. पहिल्या दिव्याच्या वाट्याला हात लावत नाही. केबलमधून येणारा संकेत हा मात्र मोजून दिलेला शिधा आहे. आपल्या घरासाठी बाहेरून ठरावीक शक्ती सोडलेली असते आणि ती इतकी सूक्ष्म असते की, एका वॅटचे लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढीही ती पुष्कळदा भरत नाही. शिधा तेवढाच आणि पाने वाढली, तर प्रत्येक पानात कमी वाढावे लागते. दोन खोल्यांत केबल नेण्यासाठी आपण जो स्प्लिटर बसवतो, तो वाढप्याचे काम करतो. तो नवे काही शिजवीत नाही. आहे तेच वाटून देतो.

ज्या तारेतून हा शिधा येतो, तिची रचनाही साध्या विजेच्या तारेहून निराळी असते. हिला कोॲक्सियल केबल, म्हणजे समाक्ष तार, म्हणतात. अशा रचनेचे पेटंट इंग्रज शास्त्रज्ञ ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० साली घेतले होते. मधोमध तांब्याची, किंवा तांब्याचा मुलामा दिलेली पोलादाची तार. तिच्याभोवती पांढऱ्या प्लॅस्टिकचा जाड थर. त्यावर धातूचा वर्ख आणि बारीक तारांची वीण. आणि सर्वांवर वेष्टन. संकेत प्रवास करतो तो मधली तार आणि बाहेरची वीण यांच्यामधल्या त्या पांढऱ्या थरातून. मधल्या तारेची जाडी, विणीचा व्यास आणि मधला पदार्थ यांवरून केबलचा एक स्वभावगुण ठरतो. त्याला संरोध, म्हणजे इंपिडन्स, असे नाव आहे. दूरचित्रवाणीच्या केबलचा संरोध ७५ ओहम असतो. केबल, जोड, स्प्लिटर आणि संच या सर्वांचा हा गुण जुळलेला असला, म्हणजे संकेत विनाअडथळा पुढे जातो. कोठे तो बिघडला, की पाटाच्या पाण्यापुढे मध्येच दगड आल्यावर पाणी जसे उसळून मागे येते, तसा संकेताचा काही अंश परत फिरतो. म्हणून दोन केबलींची टोके सोलून, विजेच्या तारांप्रमाणे पीळ देऊन, वर चिकटपट्टी गुंडाळणे हा जोड नव्हे. त्यात शक्ती तर वाया जातेच, शिवाय परत फिरलेला अंश मूळ संकेतात मिसळून त्याचीही शुद्धता बिघडवितो.

आता तुटीचा हिशेब पाहू. तो डेसिबेल या मापात करतात. हे नाव ऐकून बिचकण्याचे कारण नाही. ३ डेसिबेल तूट म्हणजे शक्ती निम्मी झाली. १० डेसिबेल म्हणजे दहावा हिस्सा उरला. २० डेसिबेल म्हणजे शंभरावा. या मापाची सोय अशी की, वाटेत जागोजागी होणाऱ्या तुटींची वाणसामानाच्या यादीप्रमाणे सरळ बेरीज करता येते. दोन वाटांचा स्प्लिटर शक्तीचे दोन भाग करतो, म्हणून त्याची तूट किमान ३ डेसिबेल असणारच. प्रत्यक्षात ती साडेतीन ते चार भरते. चार वाटांच्या स्प्लिटरमध्ये ती सात ते आठ, आणि आठ वाटांच्या स्प्लिटरमध्ये सुमारे अकरा किंवा थोडी अधिक असते. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, चार वाटांच्या स्प्लिटरला दोनच संच जोडले, तरी तूट चार वाटांचीच होते. न जेवणाऱ्या दोघांची पानेही त्याने वाढून ठेवलेलीच असतात. तेव्हा उद्या लागेल म्हणून आज मोठा स्प्लिटर घेणे, ही काटकसर नव्हे.

केबलची स्वतःचीही तूट असते आणि ती कंपनसंख्येप्रमाणे बदलते. घरगुती वापरातील चांगल्या आरजी-६ जातीच्या केबलमध्ये १०० मीटर अंतराला ५० मेगाहर्ट्झवर सुमारे ५ डेसिबेल, तर ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास सुमारे २० डेसिबेल तूट येते. आरजी-५९ ही केबल अधिक बारीक असल्याने तिची तूट याहूनही जास्त. आता एका घराचा हिशेब मांडू. दारापाशी चार वाटांचा स्प्लिटर, त्याचे ८. मागच्या खोलीपर्यंत ३० मीटर केबल, वरच्या कंपनसंख्येवर तिचे ६. आणि तेथे पुन्हा दोन वाटांचा स्प्लिटर, त्याचे ४. बेरीज १८ डेसिबेल. म्हणजे दारात आलेल्या शक्तीचा अवघा त्रेसष्टावा हिस्सा मागच्या संचापर्यंत पोहोचला. तोच हिशेब खालच्या कंपनसंख्येसाठी केला, तर केबलचे ६ ऐवजी दीडच धरावे लागतात. बेरीज साडेतेरा होते आणि सुमारे बाविसावा हिस्सा उरतो.

काही वाहिन्या दिसतात आणि काही नाहीत, याचे रहस्य या फरकात आहे. केबलवर ८ मेगाहर्ट्झ रुंदीच्या एकेका पट्ट्यात दहा-बारा किंवा अधिक वाहिन्या एकत्र बांधून पाठविलेल्या असतात. वरच्या टोकाचा पट्टा दुबळा पडला की त्यातील सर्व वाहिन्या एकदम अडखळतात. आपली मराठी वाहिनी त्या पट्ट्यात असेल, तर तीही त्यांच्याबरोबर जाते. म्हणून तक्रार करण्यापूर्वी बंद पडलेल्या वाहिन्यांची यादी करावी. त्या सर्व एकाच गटातल्या निघाल्या, तर संच बिघडला असे समजण्याची घाई करू नये.

जुन्या काळच्या प्रेक्षकांना आणखी एक फरक जाणवला असेल. पूर्वी संकेत दुबळा झाला की पडद्यावर पांढऱ्या मुंग्या दिसू लागत. चित्र हळूहळू फिके पडत जाई. भारतातील केबल २०१२ ते २०१७ या काळात टप्प्याटप्प्याने अंकीय, म्हणजे डिजिटल, झाली. दुसऱ्या टप्प्यात, २०१३ साली, इंदूर, बडोदे, हैदराबाद ही शहरे तीत आली. अंकीय संकेताची रीत निराळी आहे. एका मर्यादेपर्यंत चित्र उत्तम दिसते. त्या मर्यादेखाली संकेत किंचित जरी उतरला तरी चित्र एकाएकी फुटते. मुंग्यांची पूर्वसूचना मिळत नाही. त्यामुळे काठावर चालत असलेले घर ‘काल तर चांगले दिसत होते’ अशी ग्वाही देत असते. उन्हाने तापलेल्या केबलची तूट जराशी वाढली, पावसाचे पाणी एखाद्या जोडात शिरले, किंवा कोणी एक जास्तीचा स्प्लिटर बसविला, की तो काठ ओलांडला जातो.

आता शोध कसा घ्यावा ते पाहू. यासाठी महागडे उपकरण लागत नाही. चिकाटी आणि एक कागद पुरतो. बहुतेक सेट-टॉप बॉक्सच्या सूचीत संकेताची ताकद आणि गुणवत्ता असे दोन आकडे दिसतात. निरनिराळ्या बॉक्सांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो, म्हणून सर्व ठिकाणी एकच बॉक्स आणि एकच अडखळणारी वाहिनी घेऊन पाहणी करावी. प्रथम केबल घरात जेथे प्रवेश करते तेथे, कोणताही स्प्लिटर मध्ये न ठेवता, तो बॉक्स सरळ जोडावा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. हे आकडे येथेच वाईट असतील, तर घरात काहीही शोधण्यात हशील नाही. दोष बाहेरचा आहे आणि तो केबलचालकानेच दूर करावयाचा आहे. ‘दारातच, स्प्लिटरशिवाय, अमुक वाहिनीवर इतका आकडा येतो’ असे सांगितले, म्हणजे त्याला ते टाळणे कठीण जाते. ‘आमच्याकडे नीट दिसत नाही’ या वाक्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही.

दारातले आकडे चांगले निघाले, तर मध्ये स्प्लिटर घालून त्याच्या प्रत्येक मुखावर तोच बॉक्स लावून पाहावा. एकाच मुखावर आकडा घसरला, तर ते मुख खराब आहे. सर्वांवर समान घसरला, तर ती वाटणीची नैसर्गिक तूट आहे. तीन वाटांचे काही स्प्लिटर मुद्दाम विषम केलेले असतात. त्यांच्या एका मुखावर साडेतीन आणि उरलेल्या दोहोंवर सात डेसिबेल तूट छापलेली आढळेल. साडेतीनचे मुख लांबच्या खोलीला द्यावे. यानंतर मागच्या खोलीत जाऊन केबलच्या शेवटच्या टोकाशी आकडे पाहावेत. स्प्लिटरपाशी ठीक आणि येथे वाईट असेल, तर दोष या दोहोंमधल्या केबलमध्ये किंवा तिच्या जोडांत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा या शोधाचा मुख्य नियम. तीन गोष्टी एकदम बदलून चित्र सुधारले, तर सुधारणा कशाने झाली हे कळत नाही, आणि दोष पुन्हा उद्भवला की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

अनुभव असा की, पुष्कळसे दोष जोडांतच सापडतात. कनेक्टर काढून पाहावा. मधली तार सरळ आणि चकचकीत असावी, आणि कनेक्टरच्या तोंडापेक्षा किंचित बाहेर आलेली असावी. विणीचा एखादा केसासारखा तंतू मधल्या तारेला टेकला असेल, तर संकेत तेथेच जमिनीला मिळतो. तांबे हिरवे पडले असेल, तर पाणी आत शिरले आहे. तेवढे टोक कापून नवा कनेक्टर बसवावा. नुसत्या पिळाने चढविण्याच्या कनेक्टरपेक्षा हत्याराने दाबून बसविलेला कनेक्टर कितीतरी टिकाऊ असतो. केबल भिंतीच्या कोपऱ्यात काटकोनात दुमडलेली, दारात चेपलेली किंवा खिळ्याने भोसकलेली नाही ना, हेही पाहावे. बाहेरून येणारी केबल भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी त्या झोलावरून ठिबकून जाते, आत शिरत नाही. स्प्लिटरचे जे मुख मोकळे असेल, त्यावर ७५ ओहमची टोपी, जिला टर्मिनेटर म्हणतात, ती लावावी. उघड्या मुखावरून परत फिरणारा संकेत तिच्यात जिरतो.

एवढे करूनही तूट उरली, तर मगच बूस्टरचा, म्हणजे ॲम्प्लिफायरचा, विचार करावा. बहुतेक घरांत हाच उपाय सर्वांआधी होतो आणि तोही चुकीच्या जागी. मागच्या खोलीत चित्र फुटते म्हणून मागच्याच खोलीत बूस्टर बसवितात. परंतु बूस्टर संकेताबरोबर त्यातला गोंगाटही वाढवितो आणि वर स्वतःचा थोडा घालतो. गढूळ झालेले पाणी पंपाने उंच चढविले, तर वर गढूळच पाणी मिळते. म्हणून बूस्टरची जागा वाटणीच्या आधी, दारापाशी, जेथे संकेत अजून सशक्त आहे तेथे असते. शिवाय त्याची वाढ होणाऱ्या तुटीएवढीच असावी. गरजेपेक्षा जास्त वाढविल्यास जवळचा बॉक्स अतिरेकाने गोंधळतो. ताकदीचा आकडा भरपूर आणि गुणवत्तेचा मात्र खालावलेला, ही त्याची एक खूण. फुटका जोड, गंजलेली तार किंवा पिळाचा सांधा यांवर बूस्टर हे औषध नाही.

दोन-तीन अपवाद सांगणे अवश्य आहे. छतावरच्या तबकडीवरून येणाऱ्या डीटीएच सेवेला वरील सगळे नियम लागू होत नाहीत. तबकडीतून खाली येणारा संकेत ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतो; केबलसाठी बनविलेला, ५ ते १००० मेगाहर्ट्झ असे लिहिलेला स्प्लिटर तेथे निरुपयोगी ठरतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बॉक्स त्याच तारेतून तबकडीच्या एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्टचा दाब पाठवून कोणत्या दिशेच्या लहरी घ्यावयाच्या ते सांगत असतो. दोन बॉक्स एकाच मुखावर भिन्न आज्ञा देऊ लागले, तर एकाचे ऐकले जाते आणि दुसरा रिकामा राहतो. यासाठी दोन स्वतंत्र मुखांचा एलएनबी आणि दोन स्वतंत्र केबली हाच योग्य मार्ग. केबलवरूनच इंटरनेट येत असेल, तर मोडेम पहिल्या दोन वाटांच्या स्प्लिटरवर एकटा ठेवावा. तो संदेश परतही पाठवितो. त्याच्या वाटेत एकाच दिशेने चालणारा बूस्टर आला, तर परतीचा मार्ग बंद होतो. आणि हेही खरे की, केबल वाटली म्हणून वर्गणी वाटली जात नाही. अंकीय केबलवर प्रत्येक संचाला आपला स्वतंत्र, नोंदलेला बॉक्स लागतो.

शेवटी सुरक्षिततेविषयी. जोडांना हात लावण्यापूर्वी संच, बॉक्स आणि बूस्टर यांचे प्लग भिंतीतून काढून ठेवावेत. आकाश गडगडत असता केबलला स्पर्श करू नये. केबलच्या धातूला हात लागताच झिणझिण्या आल्या, तर काम तेथेच थांबवून जाणकार वायरमनला बोलवावे. एखाद्या उपकरणातून वीज केबलवर उतरली असण्याचा तो इशारा असतो. खांबावरच्या किंवा जिन्यातल्या केबलचालकाच्या पेटीला तर मुळीच हात लावू नये. बाहेरच्या मुख्य तारेत त्याच्या यंत्रांसाठी वीजही सोडलेली असू शकते.

श्रोतेहो, या सर्वांचे सार थोडक्यात असे. आधी दारातला शिधा मोजा, मग तो वाटेत कोठे कोठे सांडतो ते पाहा, सांडणे थांबवा, आणि तरीही कमी पडला तरच वाढवून घ्या. हा क्रम पाळला तर पुष्कळ घरांत एका कनेक्टरच्या किंवा एका लहान स्प्लिटरच्या खर्चात काम भागते. मागच्या खोलीतील वडीलधाऱ्यांना मग आपल्या भाषेतील एखादे कीर्तन वा नाटक ऐकण्यासाठी खुर्ची उचलून पुढच्या खोलीत येण्याची गरज उरत नाही.